'शे'च्या जागी 'आहे'

दीपनगर

प्रिय अक्का,

नमस्कार. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'बठ्ठं बरं शे रे भटू' म्हणतेस आणि मोकळी होतेस. काल डिंपलचा फोन आला होता. तुझी लेक तुझ्यावरच गेली आहे, तिला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, श्रावण लागून दहा दिवस झाले, पण आई पोथी वाचत नाही. मारुतीच्या देवळात इंदिराबाईंची सून वाचते आणि तू मागे खांबाला टेकून ऐकतेस. विचारलं तर 'माले वाचता येत नही' एवढंच सांगतेस. वीस श्रावण जिने गावाला पोथी ऐकवली, तिला वाचता येत नाही? ते ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही. कारण हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं ते मला माहीत आहे.

कादंबरी माझ्या नावावर असली, तरी तिच्यातल्या बायकांचं बोलणं सगळं तुझं. भडगावला तुझ्या ओट्यावर बसून ऐकायचो आणि इथे येऊन उतरवायचो. दोन प्रकाशकांनी परत पाठवली, तेव्हा म्हटलं आपणच छापू. लेखकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नमुन्याची पानं टाकली, तर एकाने लिहिलं, बोली कमी करा, बाहेरचा वाचक अडखळतो. झालं. इथल्या कॉलनीत इतकी वर्षं शुद्ध बोलून बोलून मला आपल्या बोलीची आधीच लाज वाटायला लागली होती, तिला निमित्त मिळालं. 'बठ्ठं'चं 'सगळं' आणि 'मन्हा'चं 'माझा' हाताने केलं. 'शे' मात्र पानोपानी होता. मग कॉम्प्युटरलाच सांगितलं, जिथे 'शे' दिसेल तिथे 'आहे' घाल. चहा निवायच्या आत काम झालं आणि मी स्वतःवर खूश. प्रेसवाल्या भिकनभाऊंनी तीनदा विचारलं, आतली पानं एकदा वाचून घेता का? मी मुखपृष्ठाचा रंग आठ वेळा बदलून घेतला, आतलं एक पान उघडलं नाही.

आखाजीच्या सणाला तू माहेरी म्हणून माझ्याकडे येणारच होतीस, म्हणून प्रकाशन त्याच आठवड्यात जळगावला ठेवलं. भडगावहून सुनंदाबाई, इंदिराबाई आणि आणखी पाच-सहा जणी जीप करून आल्या. तू सकाळपासून मला ओवाळायचं की पुस्तकाला, यावर डिंपलशी वाद घालत होतीस. पाहुणे म्हणून आलेले पंडित सर भाषणात म्हणाले, एखादं पान लेखकाच्या बहिणीने वाचावं. कौतुकाने मीच तुला एक्केचाळिसावं पान काढून दिलं. त्यात तुझ्याच शेजारणीची गोष्ट आहे. तू चष्मा लावलास आणि पोथीच्या चालीत सुरू केलंस, 'आहेजारच्या आहेतात आहेळ्या शिरल्या.' हॉल हसला. तू चष्मा पदराने पुसलास आणि पुन्हा तेच वाचलंस. या वेळी पंडित सरही हसले. इंदिराबाई सुनंदाबाईंच्या कानात काहीतरी बोलल्या, ते तू पाहिलंस.

अक्का, माझ्याही हातात प्रत होती. मी तेच पान उघडून पाहिलं. कॉम्प्युटरने शेजार, शेत, शेळी, कशातलाच 'शे' सोडला नव्हता. तू अक्षर न् अक्षर बरोबर वाचत होतीस. हे मला घरी आल्यावर नाही, तिथल्या तिथे, तू स्टेजवर उभी असतानाच कळलं. एक वाक्य बोलायचं होतं, चूक माझी आहे. पण दाराशी टेबलावर पुस्तकांची चळत होती, लोक प्रती घ्यायला थांबले होते. मी माइक घेतला आणि म्हणालो, आमची अक्का चौथीच शिकलेली, सांभाळून घ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास.

त्या संध्याकाळी बसस्टँडवर तू माझा हात धरून म्हणालीस, 'मन्हामुळे तुन्हा कार्यक्रम बिघडना रे भटू.' आणि मी काय म्हणालो ते आठवतं? जाऊ दे अक्का, होतं असं कधीकधी. चूक मी केली आणि माफ मी तुला केलं. त्यानंतर मी गुपचूप सगळ्या प्रती परत बोलावून नव्याने छापून घेतल्या. तू प्रत मागितलीस तेव्हा संपल्या म्हणालो, तेही खोटं. तुझ्या हातात पुस्तक पडलं असतं तर तुला सगळं कळलं असतं, आणि त्याचीच मला भीती होती. कादंबरी चांगली आहे असं दोन-तीन जणांनी कळवलं. त्यांची पत्रं मी पुरती वाचूही शकलो नाही.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू एकटीने ऐकलं असतंस, पोटात घातलं असतंस आणि खांबाला टेकूनच बसली असतीस. म्हणून लिहिलं. हे पत्र तुला मोठ्याने वाचायचं आहे, येत्या सोमवारी देवळात, पोथीच्या आधी, सगळ्या बायकांसमोर. सोबत त्या पहिल्या, चुकलेल्या छपाईची एक प्रत पाठवतो आहे. पत्र संपलं की एक्केचाळिसावं पान काढ, छापलंय तसंच वाच आणि पुस्तक इंदिराबाईंच्या हातात दे. मी सकाळच्या गाडीने येतो आहे. तू वाचशील तेव्हा मी मागे उभा असेन, त्यांना मागे वळून कुणाला हसायचं ते दिसायला हवं.

तुझाच,
भटू