नाल्याकडचा खुळखुळ्याचा कोपरा

मी, साधना पुंजाराम देठे, वय २५, शिक्षण बी.एस्सी., राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. भाऊ कल्याण म्हणतो, "डॉक्टरला तुझ्या ग्रुपमध्ये घे, मंग बघू काय लिहून देतो."

१. तो ग्रुप असा: स्थलांतर करणारी फुलपाखरे आणि पतंग कुठे दिसले ते जिल्हाभरातले लोक कळवतात, मी नकाशावर मांडते. ग्रुप, माझा मोबाइल, रात्री पतंग उजेडावर यावेत म्हणून लावायची पांढरी चादर आणि दिवा माझी मैत्रीण आसिफा शेख, राजूर, हिला द्यावा.

२. शेतातला माझा हिस्सा कल्याणला. आमच्याकडे वडील गेल्यावर बहिणी भावाला हक्कसोडपत्र करून देतात. मी दिले नाही. कायद्याने मुलीला हिस्सा आहे, असे सगळ्यांना ऐकवले. ते खरेच आहे, पण माझे कारण वेगळे होते. नाल्याकडच्या सखल कोपऱ्यात खुळखुळा हे रानझुडूप वाढते आणि पावसाळा सरताना निळ्या ठिपक्यांची फुलपाखरे वाटेत त्यावर थांबतात. आमच्या नकाशावरची सर्वांत दाट जागा तीच. कल्याणला शेततळे तिथेच घ्यायचे आहे आणि माझ्या सहीशिवाय त्याचा अर्ज पुढे जात नाही.

वहिनी सुरेखा म्हणाली, "ताई, फुलपाखरांची नावं सातबाऱ्यावर लावली का?" कल्याणने तिलाच गप्प केले. "राहू दे. तिला वाटंल तव्हा करंल." माझ्या कॉलेजसाठी त्याने बारावी सोडली, तेव्हाही "राहू दे" एवढेच म्हणाला होता. यंदा उन्हाळ्यात मोसंबी वाळली, तरी त्याने विषय काढला नाही. भांडला असता तर मला सोपे गेले असते.

कोपरा तसाच राखावा, अशी अट मी आधी घातली होती. ती काढली आहे.

लिहिता लिहिता ध्यानात आले की हे कलम मी मेल्यावरच लागू होईल. म्हणजे पाण्यासाठी भावाने माझ्या मरणाची वाट पाहायची. म्हणून शुक्रवारी भोकरदनला जाऊन हक्कसोडपत्रावर सही करणार आहे. ती झाली नाही, तरच हे कलम वाचावे.

३. फ्रेम केलेली माझी पदवी आई नंदाबाई हिची. भिंतीवरून काढू नये. आईला वाचता येत नाही, पण आल्यागेल्याला ती पदवी वाचून दाखवते.

४. आसिफा, शेततळे झाल्यावरही दरवर्षी त्या कोपऱ्याची नोंद घे. काही दिसले नाही, तर "दिसले नाही" असेच लिही. नकाशाला तेही लागते. ती नोंद माझ्या नावावर टाक, कल्याणच्या नको.

साक्षीला कल्याणच बसणार होता. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. तो म्हणाला, "मंग मला काही देऊ नका. मी सही करतो." त्याला बाहेर बसवून पुढील दोघांच्या समोर मी सही केली.

साधना पुंजाराम देठे

साक्षीदार:
प्रभावती भागवत सोनवणे
अजमत खाँ पठाण

पिंपळगाव रेणुकाई, १० डिसेंबर २०२५