डावी बाजू

राहुरी,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मरियाआक्का,

सप्रेम सलाम. तू, दाजी आणि मोनिका खुशाल असाल. मोनिकाचे आता दिवस भरत आले असतील. लेकीला जप. बाळाची बातमी आधी मामाला कळवायची, असं तिला माझ्या नावाने सांग.

पत्र बघून हसशील. पण आमच्याकडे हल्ली फोनला रेंजच नसते, कुणाचं बोलणं धड कळत नाही. नाताळात तुझा फोन आला नाही, म्हणून मीच केला. दाजींनी उचलला. तू झोपली आहेस असं म्हणाले बहुतेक. म्हटलं, चला, लिहूनच बोलू.

माझं बरं चाललंय. रतनबाई सकाळी येऊन दोन्ही वेळचा स्वयंपाक करून जाते. ग्रेस गेल्यापासून घरात तिच्या भांड्यांचाच काय तो आवाज. चर्चला अलीकडे गेलो नाही. तिथला माईक बिघडलाय, उपदेश काही समजत नाही. नुसतं बसून परत यायचं.

एक नवा उद्योग मात्र सुरू केलाय. आमच्या जोएलने नाताळला हेडफोन पाठवला, चांगला जाड गाद्यांचा. पण मोबाईलला लावला की आवाज अगदी बारीक. शोधल्यावर कळलं की अशा हेडफोनला छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा लागतो आणि तो घरी बनवता येतो. जन्मभर शाळेत फळ्यावर सर्किटं काढली, हाताने एक वस्तू वाजती केली नाही. म्हटलं, आता वेळच वेळ आहे.

सामान आणायला नगरला गेलो. कापडबाजाराच्या मागे एका बोळात आबासाहेबांचं दुकान आहे. भिंतभर छोटे छोटे खण. त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी 'हो' म्हणालो, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. पॉट एकेरी देऊ का दुहेरी, असं विचारत होते. पॉट म्हणजे आवाज कमी-जास्त करायची खुंटी. दोन्ही कानांचा आवाज एकदम फिरवायचा तर दुहेरीच लागते. दुकानात गर्दी फार, ऐकू कसं येणार! आयसी, कपॅसिटर, भोकांचा झिरो बोर्ड, तांदळाच्या दाण्याएवढे रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, सगळं घेतलं. एसटीत पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या माणसाने काहीतरी विचारलं. मी नुसती मान हलवली.

आणि वाजलं, आक्का! उजवीकडे इतकं स्वच्छ आणि भरून की कितीतरी दिवसांनी गाण्याचे शब्द कळले. पण डावी बाजू मुकी. सोल्डरिंगचे सगळे डाग पुन्हा मारले, कपॅसिटर बदलले. परत नगरला जाऊन नवी आयसी आणली, नवं सॉकेट आणलं. तरी तेच. आबासाहेब म्हणाले, "सर, एकदा घेऊन या ना इकडं, लावून बघू." मी म्हटलं, नको, माझं मीच शोधतो. उद्या जाऊन पॉटही बदलून आणतो.

दाजींना सलाम. उत्तर पाठव. तुझ्या हातचं अक्षर बघून फार दिवस झाले.

तुझा,
सायमन


राहुरी,
२ मार्च २०२५

प्रिय आक्का,

सलाम. तुझं उत्तर आलं नाही, आणि का आलं नाही ते आता मला कळलंय. हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग.

पॉट बदलूनही डावी बाजू वाजली नाही. एका सकाळी मी टेबलापाशी डोकं धरून बसलो होतो. रतनबाई पीठ मळता मळता उठून जवळ आली आणि मोठ्याने म्हणाली, "काय झालं, सर?"

"एक बाजू वाजत नाही."

"बघू." हात पदराला पुसून तिने हेडफोन डोक्यावर चढवला. मी गाणं लावलं. तिचे डोळे मोठे झाले.

"अगं बया! सर, दोन्हीकडनं वाजतंय की. डोक्यात मधोमध बसून गायल्यागत."

"डावीकडून?"

"व्हय. डावीकडनं बी, उजवीकडनं बी. लई झ्याक!"

तिच्याकडून घेऊन मी हेडफोन उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानावर. ती स्वच्छ वाजत होती.

उलटा करून बघायचं, हे नववीतल्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नव्हतं असं नाही, आक्का. पहिल्याच आठवड्यात मी तो हातात फिरवला होता आणि तसाच परत सरळ करून घातला. नगरला जाऊन नवी आयसी आणणं त्यापेक्षा सोपं होतं. बदललेले सगळे भाग चांगले होते. अजून बशीत पडून आहेत.

ग्रेस असती तर पहिल्या दिवशीच मी तो तिच्या डोक्यावर चढवला असता. त्याच्याही आधी, टीव्हीचा आवाज वाढवल्यावर ती ओरडली असती. आता मी कितीही वाढवला तरी कुणी ओरडत नाही.

जोएलला कळवलं. तो पुण्याहून आला आणि मला नगरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डाव्या कानाची नस गेली आहे, ती परत येणार नाही. उजवा निम्मा राहिलाय. फोनची रेंज, चर्चचा माईक, सगळं ठीकच होतं.

परत येताना विळद घाट उतरल्यावर जोएलने गाडी बाजूला घेतली.

"पप्पा, मग आत्याचा फोन तुम्हाला कळलाच नव्हता?"

"कुठला फोन?"

त्याने मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून सांगितलं. आजूबाजूने ट्रक जात होते आणि तो ते ओरडून सांगत होता. मोनिकाचं बाळ नोव्हेंबरात पोटातच गेलं. तू रडत मला फोन केलास. आणि मी म्हणालो, "छान झालं, प्रभूची स्तुती असो."

आक्का, मला एवढंच आठवतं की तू मोनिका म्हणालीस आणि बाळ म्हणालीस. तुझा आवाज चिरकत होता. मला वाटलं, आनंदाने; डोहाळजेवणाचं सांगत असशील. मी अंदाज केला. हल्ली मी सगळ्यांशी अंदाजानेच बोलतो. लोक हसले की हसतो, थांबले की 'हो' म्हणतो. तुझ्याशीही तेच केलं. जोएललाही वाटलं की आई गेल्यावर पप्पांचं काळीज दगडाचं झालंय, म्हणून तो विषय काढत नव्हता. आणि वर मी जानेवारीत तुला दिवस भरत आल्याचं लिहिलं. ते पत्र मोनिकाच्या हाती पडलं नसावं, एवढीच मी प्रार्थना करतो.

जोएल म्हणाला, मी आत्याला समजावतो. मी नको म्हटलं.

उजव्या कानाला मशीन बसवलंय. भांडी कर्कश वाजतात, पण समोरच्या माणसाचं बोलणं कळतं. तुझी आणि मोनिकाची माफी मागतो. पण माफीपेक्षा मला दुसरंच काही मागायचंय. त्या दिवशी तुला भाऊ हवा होता आणि फोनवर कुणीच नव्हतं. ते तुझं सांगायचं राहूनच गेलंय.

येत्या शनिवारी मी जालन्याला येतोय. दार उघडलंस तर मला तुझ्या डाव्या हाताला बसव, म्हणजे माझा उजवा कान तुझ्याकडे राहील. मग सगळं पहिल्यापासून सांग, सावकाश. एखादा शब्द नाही कळला तर या वेळी मी 'काय म्हणालीस?' असं विचारीन.

तुझा भाऊ,
सायमन