जुनी गाडी माझ्या वाट्याला

३ मार्च
नवरा उरलेलं सामान घेऊन गेला — नव्या गाडीतून! जुनी मला ठेवली. "तुला बाजारापुरती बास झाली," म्हणाला. भीक घातल्यासारखं. ती बया पुढच्या सीटवर बसून होती, काच वर करून.

५ मार्च
खटारा सुरूच होईना. मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेट उघडून मला वाकायला लावलं. आत काय — काहीच नाही! इंजिनाच्या बाजूने खालचा रस्ता दिसतो. "ताई, हिला लागतं काय? पेट्रोल, हवा नि ठिणगी. तुमच्या सासऱ्यांपासून चालतेय, अजून इंजिन खोललेलं नाही." एक प्लग काढून दाखवला — काजळीने काळाकुट्ट. घासला, बसवला, झाली सुरू.
एवढ्या वर्षांच्या संसारात काय बिघडलंय ते मला कुणी असं उघडून दाखवलं नाही.

१२ मार्च
आज प्लग मीच साफ केला. नखं काळी. बरं वाटलं, असं काही लिहिणार नाही.

१९ मार्च
सासूबाईंचा फोन. "ती गाडी आमच्या ह्यांची. तुझा काय हक्क?" म्हटलं, मुलाला पाठवा, ढकलत नेईल. फोन आपटला त्यांनी. आधी मीच आपटायला हवा होता.

२ एप्रिल
सकाळीच त्याचा फोन. आईच्या छातीत दुखतंय, नवी गाडी जागची हलेना, पडद्यावर नुसतं — सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा! अँब्युलन्सला वेळ लागणार. "येतेस?" वा! आता आठवण झाली.
गेले. सासूबाईंना मागे आडवं केलं, तो माझ्या शेजारी. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत होतं, पण थांबलं नाही. "अजून दम आहे गं हिच्यात," म्हणाला.
"तू कधी बॉनेट उघडून बघितलंस?"
मागे वळून आईचा हात धरला त्याने.
डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तो लगेच बाहेर गेला, तिला फोन लावायला. मला साधं थँक्यूसुद्धा नाही!

९ एप्रिल
सासूबाईंचा चष्मा गाडीत राहिला होता, तो द्यायला हॉस्पिटलात गेले. नेमक्या त्या घरी निघालेल्या. त्याची गाडी दुरुस्त होऊन दारात उभी, तो दार उघडून उभा. त्या त्याच्यासमोरून चालत आल्या, माझ्या गाडीत बसल्या.
"चल."
"कुठे, आई?" मी विचारलं.
"तुझ्याकडे."
उतरवायला हवं होतं. मी गिअर टाकला.