बोक्याच्या खुर्चीवरचा एल बोर्ड

४ नोव्हेंबर, सोमवार

निर्णय झाला. बोक्याला जेवण मी शिकवणार.

बोक्या म्हणजे आमचे चिरंजीव. वय सात महिने, दात दोन, हट्ट बत्तीस. चमचा दिसला की तोंडाला कुलूप. आज त्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरवू नका, मऊ शिजवलेले बोटाएवढे तुकडे समोर ठेवा आणि त्याचं त्याला खाऊ द्या. तुम्ही फक्त जवळ बसा.

ही काळजीत पडली. हिला २ डिसेंबरला पुन्हा कामावर रुजू व्हायचंय. ही हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे गुडघे वाकवते. जागा तोवरच राखून ठेवलीय. पण हिची अट आहे: बोक्याचं दुपारचं एक खाणं तरी हिच्याशिवाय नीट व्हायला हवं, नाहीतर ही रजा वाढवणार. रजा वाढली की जागा गेली.

मी म्हणालो, काळजी सोड. आयुष्यभर लोकांना ड्रायव्हिंग शिकवतोय. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, ब्रेक माझ्या पायाखाली. ज्यांना सायकल येत नव्हती त्यांना मी हायवेवर नेलंय. हा तर आपला स्वतःचा मुलगा.

ही म्हणाली, तेच तर.

काय तेच, ते विचारायचं राहिलं. बोक्याच्या उंच खुर्चीला मागून एल बोर्डचा स्टिकर लावला. वातावरण तयार व्हायला मदत होते.

संकल्प: मी हात लावणार नाही.

५ नोव्हेंबर, दुपार

पहिला धडा. वाफवलेलं गाजर.

आधी थोडी थिअरी दिली. गाजर कसं धरायचं, कुठून चावायचं, आजूबाजूला बघून मगच तोंड उघडायचं. तो माझ्या चष्म्याकडे बघत होता. नंतर प्रॅक्टिकल. गाजर उचललं. तोंडाकडे निघालं. अगदी जवळ आलं आणि त्याने ते एकदम सोडून दिलं आणि भोकाड पसरलं.

कारण: गाजर निसरडं.

उरलेलं गाजर मी खाल्लं. अन्न टाकू नये.

७ नोव्हेंबर

रताळं. प्रगती. तुकडा तोंडात गेला. मग 'ॲक्' असा आवाज. तोंड लाल. मी तुकडा, ताट, लाळेरं, पट्टा सगळं काढून बोक्याला उचलून थेट दारापर्यंत गेलो. तोवर तो हसत होता.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आवाज येतोय, खोकतोय, म्हणजे घास त्याचा तोच पुढे आणतोय. लक्ष ठेवा, पण मध्ये पडू नका. श्वास अडकला, आवाजच बंद झाला, तर गोष्ट वेगळी, ते तुम्हाला शिकवलंय. बाकी त्याचा ब्रेक त्याच्याजवळ असतो.

बाई हुशार आहेत, पण ब्रेकमधलं त्यांना काय कळतं. शिकाऊ माणसाजवळ ब्रेक कधीच सोपवायचा नसतो.

रताळं मीच संपवलं.

१० नोव्हेंबर, रविवार

घरात सासरेबुवाही असतात. हिचे वडील. रिटायर्ड. मुख्य उद्योग शब्दकोडं, जोडधंदा डुलकी. बोक्याच्या खुर्चीखाली मी पेपर अंथरला तर म्हणे, जावईबापू, माझं कोडं भोपळ्याखाली गेलं. मग खुर्चीपाशी जमिनीवर बसून भोपळा बाजूला सारून कोडं सोडवत बसले. आणि तिथेच डोळा लागला. आम्ही इथे एका जिवाचं भविष्य घडवतोय आणि हे घोरताहेत.

बोक्या धड्याकडे लक्ष देण्याऐवजी आजोबांच्या टकलावर बटाटा ठेवत होता. त्यांना जाग आली नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळच्या बॅचला टेलरबाई असतात. शिवणाचं दुकान आहे. मशीनचं पायडल इतकी वर्षं मारलंय, म्हणून एक्सिलरेटरवर पाय झकास. पण आज कुरकुर. म्हणाल्या, सर, गाडी मी चालवते की तुम्ही? मी पाय ठेवला की तुमचा ब्रेक लागतो.

मी समजावलं की हा भ्रम आहे. मी फक्त गरज पडली तरच दाबतो.

म्हणाल्या, पार्किंगमध्ये उभ्या गाडीत कसली गरज?

शिकणाऱ्यांचा आत्मविश्वास कमी असला की ते शिक्षकाला दोष देतात. नाचता येईना अंगण वाकडं.

दुपारी बोक्या: केळं. मुठीत पिळलं. माझ्या बाहीला पुसलं. मी खाल्लं (केळं).

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज घोडं कुठे पेंड खातंय ते हिने शोधलं असं हिचं म्हणणं.

म्हणाली, तो घास तोंडाजवळ नेतो आणि दर वेळी तू त्याचं मनगट धरतोस.

मी म्हणालो, शक्यच नाही. माझा संकल्प आहे.

हिने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक हात येतो खरा. बोक्याच्या तोंडाजवळ तुकडा आला की हात टपकन हजर. पण कॅमेऱ्याचा अँगल फसवा आहे. शिवाय ते धरणं नाही, आधार आहे.

सासरेबुवा पेपरच्या आडून म्हणाले, वाहतूक पोलीस वाटतो हुबेहूब.

ही हसली. मग म्हणाली, सर, जरा हात आवरा. लग्नाआधी ही माझ्याकडेच गाडी शिकली, त्यामुळे रागावली की मला सर म्हणते.

नवा संकल्प: हात खिशात.

१६ नोव्हेंबर

हात खिशात ठेवले. पूर्ण वेळ. बोक्याने नासपतीची फोड उचलली. मी शांत. अगदी शांतपणे एवढंच म्हणालो, "हळू. हळू. हळू हळू हळू! बस्स!"

दचकला. फोड माझ्या शर्टाच्या खिशात पडली. आता तो उंच खुर्ची बघूनच रडतो. खुर्चीतच काहीतरी खोट असावी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज लिहावंसं वाटत नाही.

खोलीत गेलो तर ही आरशासमोर कामावरचा पांढरा कोट घालून उभी. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. बटणं लागत होती. खांदे ताठ करून उभी होती. किती दिवसांनी अशी बघितली हिला. मला बघून कोट काढला, घडी घातली आणि परत कपाटात, अगदी तळाशी ठेवला. म्हणाली, रजा वाढवायचा मेल लिहून ठेवलाय. एक तारखेपर्यंत बघते, मग पाठवते.

मी म्हणालो, पाठवू नकोस.

म्हणाली, मग तो उपाशी राहील त्याचं काय? काढून ठेवलेलं दूध वाटीने पितो, पण त्यावर दुपार निघत नाही. तू कितीही म्हणालास तरी त्याचं पोट बोलण्याने नाही भरत.

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

संकल्प: काहीही करून. पण काय करून, ते नक्की नाही.

२५ नोव्हेंबर

टेलरबाईंनी शिक्षक बदलून घेतला. आमच्या क्लासमध्ये दुसरा एक आहे, पोरसवदा, दिवसभर च्युइंगम चघळतो, धडा चालू असताना खिडकीबाहेर बघतो. आज टेलरबाई त्याच्यासोबत मला ओव्हरटेक करून गेल्या. हातही केला.

पाया मी घातला होता. लोक कळस बघतात.

२७ नोव्हेंबर, बुधवार

विजय!!!

क्लासच्या गाडीचा क्लच गेला, म्हणून घरी उशीर झाला. ही लसीचं कार्ड आणायला गेली होती आणि वाटेत अडकली होती. घरी आलो तर सासरेबुवा खुर्चीपाशी जमिनीवर, कोडं मांडीवर, आणि बोक्यासमोरचं ताट स्वच्छ. ऑम्लेटच्या पट्ट्या गायब. बटाटा गायब. मला वाटलं खाली पडलं असेल. खाली काही नाही. पोरगा ढेकर देतोय.

सासरेबुवांना विचारलं, काय केलंत? म्हणाले, काही नाही. आडवे सात अडलं होतं. तो खात होता, मी विचार करत होतो.

याचाच अर्थ माझ्या ट्रेनिंगचा परिणाम आत आत मुरत होता आणि आज वर आला. ही आल्या आल्या सांगितलं. हिचे डोळे भरून आले. उद्या हिच्यासमोर प्रात्यक्षिक.

२८ नोव्हेंबर

प्रात्यक्षिक. ऑम्लेट तेच, बटाटा तोच, शिक्षक मी. हात खिशात, तोंड बंद, फक्त जरा पुढे वाकून डोळे मोठे केले.

एक घास नाही. बटाटा भिंतीवर.

काल जास्त खाल्ल्याने पोट भरलेलं असणार. उरलेलं ऑम्लेट मी खाल्लं. चवीला चांगलं होतं, म्हणजे दोष ऑम्लेटचा नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

काल क्लासच्या कामाने दुपारी बाहेर होतो. बोक्या जेवला. आज घरी होतो. जेवला नाही.

हिने याचा हिशोब जुळवला. रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, तुला आठवतं, मी गाडी कधी शिकले?

म्हणालो, अर्थात. मीच शिकवली.

म्हणाली, तुला ताप आला होता तो आठवडा. तू अंथरुणात. मी बाबांची जुनी गाडी काढली, बाबा शेजारी बसले आणि पहिल्याच चौकात झोपले. कोणी ब्रेक दाबला नाही, कोणी हळू हळू केलं नाही. त्या आठवड्यात शिकले. टेस्ट पास झाले तेव्हा तू सगळ्यांना पेढे वाटावेत तसं सांगत सुटलास, म्हणून मी काही बोलले नाही.

इतकी वर्षं बोलली नाही!

माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. हिचं उदाहरण मी दर नव्या बॅचला देतो. उद्या परवा कोणाचं देऊ?

झोप येईना. राग आला. मग राग आला त्याचा राग आला.

१ डिसेंबर, रविवार

हिने मोबाइल समोर ठेवला. मेल तयार. म्हणाली, मी उद्या जाईन, एका अटीवर. बाबांचा भरवसा नाही, ते झोपतात, म्हणून लक्ष तूच ठेवायचंस. पण स्वयंपाकघराच्या दारातून. आत यायचं नाही, बोलायचं नाही. खरंच श्वास अडकला तरच धाव. जमेल?

मी म्हणालो, मला न जमायला काय झालं, दारात उभं तर राहायचंय.

हिने परत मोबाइल उचलला. मग खरं बोललो. म्हणालो, जमेल की नाही माहीत नाही गं. भीती वाटते. तो खोकला की माझाच जीव घशाशी येतो.

हिने माझ्या हातावर हात ठेवला आणि मेल डिलीट केला. कोट कपाटाच्या तळातून काढून खुंटीला लावला.

२ डिसेंबर, सोमवार

ही गेली. दारात बोक्याचा पापा घेतला, मग माझा, मग परत बोक्याचा.

दुपार. रताळं, नासपती, अंडं. सासरेबुवा खुर्चीपाशी कोडं घेऊन. मी दाराबाहेर, पायपुसण्यावर.

बोक्याने फोड उचलली. तोंडाजवळ नेली आणि थांबला. इकडे तिकडे बघू लागला. मला कळेना काय शोधतोय. मग कळलं. माझा हात शोधत होता. इथे एक हात येतो हे त्याला पाठ झालंय.

हात आला नाही. त्याने खांदे उडवल्यासारखं केलं आणि फोड तोंडात घातली.

मग 'ॲक्'. तोंड लाल. माझा उजवा पाय पायपुसण्यावर इतका जोरात दाबला गेला की खालची फरशी हलली. गाडी थांबली नाही. थांबवायला गाडीच नव्हती. तो खोकला, जीभ बाहेर काढली, तुकडा बाहेर आणला, त्याच्याकडे बघितलं आणि परत खाल्ला. मला रडू आलं. सासरेबुवा न वळता म्हणाले, जावईबापू, चार अक्षरी शब्द, निवांतपणा. मी म्हणालो, मला विचारू नका.

सगळं संपलं. ताट चाटून पुसून. हिचा फोन आला. जेवला? जेवला. किती? सगळं. हिच्या मागे कोणीतरी कळवळत होतं, गुडघा असावा, पण ही जोरात हसली. मग म्हणाली, आणि तू जेवलास?

तेव्हा लक्षात आलं. महिनाभर मी दुपारचा स्वयंपाक माझ्यासाठी केलाच नाहीये. बोक्याच्या ताटातलंच खात होतो. आज तिथे कणभर नव्हतं. पोरगं पोटभर जेवलं आणि बाप उपाशी.

तरी एकंदरीत पद्धत यशस्वी म्हणायची. दारात उभं राहण्याची कल्पना थोडीफार माझीच होती.

संध्याकाळी

उपाशीपोटीच बॅच घेतल्या. आज उजवा पाय सीटखाली दुमडून बसलो. अवघड गेलं, पण मुलं बरी चालवत होती. सगळी आज फार खूश, मागे वळून हसतही होती. वाटलं, आपला फरक जाणवतोय. टेलरबाईही थांबून म्हणाल्या, सर, आज पहिल्यांदा खरं वाटलं.

घरी येऊन शर्ट काढला. पाठीवर एल बोर्ड. खुर्चीवरचा.

सासरेबुवा म्हणतात, त्यांनी नाही लावला, ते झोपले होते. निघताना बोक्याला कडेवर घेतलं होतं, तेव्हा तो माझी पाठ थोपटत होता. मला वाटलं, धीर देतोय.