आईशिवाय साखरपुडा

बुधवार, संध्याकाळ

आज जे झालं ते चुकून झालं, असं लिहायला बसले होते. पण चुकून नव्हतं.

रोझावहिनी, माझ्या भावाची विधवा, माझ्याच कारखान्यात काजू फोडते. चिकाने तिची बोटं काळी पडलीत. आज तिच्या लेकीचा, लिनाचा साखरपुडा. रजेला मी आधी हो म्हटलं होतं. दुपारी ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, “बाय, आता जांव मां? चार वाजता अंगठी घालतत.”

“माल संध्याकाळी जायचाय. गेलीस तर उद्यापासून येऊ नको.”

असं का बोलले? रविवारी मिसेत फादर सांगत होते, नोकराने मालकाचं ऐकावं आणि मालकाने नोकराशी न्यायाने वागावं. दुसऱ्या वाक्याला वहिनीने वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढंच डोक्यात सलत राहिलं.

ती काजू फोडत बसली. मी रेशमी साडी नेसून गेले, आत्या म्हणून लिनाशेजारी उभी राहिले. मुलाच्या आईने वहिनीबद्दल विचारलं, “चेडवाची आवस खंय आसा?”

“तिका काम आसा,” मी म्हटलं. लिनाने माझा हात सोडला. पाहुण्यांना गोव्याला परतायचं होतं, ते थांबले नाहीत. अंगठी घातली गेली.

सहाला वहिनी आली. काळी बोटं पदरात लपवून तिने लेकीची अंगठी पाहिली. वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवी होती. लग्न होऊन आल्यापासून मला मायेने बाय म्हणणारी ती, सर्वांसमोर केकची बशी पुढे करून म्हणाली, “घेवा, मालकीणबाई.”

आणि मी तो केक खाल्ला.