टिंब मारलेल्या तारखा

२ फेब्रुवारी, सोमवार

साहेब म्हणाले, "बाई, आता डायरी बंद. सगळ्या तारखा कॅलेंडरात." ऑफिसच्या मेलच्या सर्व्हरवर तिघांचं मिळून एकच कॅलेंडर होणार — साहेबांचं, ज्युनियर वकील सुमेधा मॅडमचं, माझं. मी तारीख टाकली की तिघांच्या मोबाईलवर दिसणार. चुकले तर तेही तिघांना दिसणार!

हे गेले, यांच्या खुर्चीवर बसून मला महिनाच झालाय. वकिलाच्या कारकुनाचं काम म्हणजे तारखा. राजानंद गायकवाड म्हटलं की जालन्याच्या कोर्टात सगळे म्हणायचे, चालती-बोलती डायरी. एकवीस वर्षं! माझी शाळा सातवीतच सुटलेली. पुढचं वाचायला शिकले ते यांनी आणलेल्या जुन्या पेपरांवर.

उद्यापासून कॉम्प्युटरवर.

३ फेब्रुवारी

मॅडमनी ज्योत्स्ना गायकवाड नावाने माझं खातं उघडून दिलं. पासवर्ड ठेवा म्हणाल्या. मी यांचं नाव ठेवलं. "ताई, हे तर कुणीबी ओळखंल!" बदलला.

लिहायची परवानगी मला आणि मॅडमला. साहेबांना फक्त बघायची. साहेब म्हणाले, "वा! माझ्याच ऑफिसात मी पाहुणा." मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. माऊसचा बाण भलतीकडेच जात होता.

"घाबरू नका ताई, कॉम्प्युटर चावत न्हाई."

मला चावला तरी चालेल. पक्षकाराला चावायला नको.

५ फेब्रुवारी, गुरुवार

यांच्या डायरीतून एकशे बारा तारखा टाकल्या. या वर्षीची डायरी यांनी नोव्हेंबरातच आणून भरायला घेतली होती. दुखत असताना. अक्षर तसंच, ठसठशीत. काही नावांपुढे हिरव्या पेनाचं टिंब आहे. कॅलेंडरात टिंबाला जागा नाही. सोडून दिलं.

प्रत्येक तारीख दोनदा वाचली. तरी घरी आल्यावर वाटतं, एखादी राहिली.

६ फेब्रुवारी

सगळं बराबर आहे म्हणाले साहेब. भाकरी गोड लागली.

९ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी कॅलेंडर कोर्टाच्या वेबसाईटशी ताडून पाहिलं. एकोणीस तारखा चुकल्या.

एकोणीस!

त्यात कडूबांची. धावड्याचे म्हातारे, शेतात जायच्या वाटेचा दावा, आठ वर्षं चाललेला. आता शेवटचा युक्तिवाद. कॅलेंडरात अकरा, कोर्टात बारा. आणि बारा तारीख मोकळी दिसली म्हणून मॅडमनी साहेबांना त्या दिवशी अंबडच्या कोर्टाचं काम दिलेलं! मॅडमनी पाहिलं नसतं तर कडूबा कोर्टात एकटे उभे राहिले असते. वाट गेली असती.

मी डायरी उघडून दाखवली. डायरीतही अकराच. मी उतरवण्यात चुकले नव्हते.

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "राजानंद शेवटी-शेवटी चुकायला लागला होता वाटतं."

माझी नोकरी जाईल याची भीती सकाळपासून होतीच. ही भीती निराळी. माणूस गेला, आता नावही जाणार का?

कारण मला ठाऊक आहे — यांची एक तारीख चुकली होती. सप्टेंबरात. यांच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला संभाजीनगरला गेलो, आणि दवाखान्याच्या फाटकाशीच हे म्हणाले, "अगं, उद्याची आहे." मी नको ते बोलले. जिल्ह्याच्या तारखा पाठ आणि आपली चुकवता! सगळा दिवस मोकळा पडला. लेणीवर गेलो. बुद्धासमोर बसलो. पायरीवर पेरू खाल्ले, तिखटमीठ लावून. मी दिवसभर धुसफुसत होते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट.

तेव्हापासूनच डोकं साथ देत नव्हतं का? आणि मी भांडत बसले.

१० फेब्रुवारी

कडूबांना फोन लावला. "काका, तारीख उद्याची नाही, परवाची. आमची चूक झाली."

म्हातारा हसायलाच लागला! "कशाची चूक, सूनबाई? राजानंद भाऊ मला दरखेपी एक दिस आधीची तारीख सांगायचा. मी पडलो आळशी. लग्नाला बी दुसऱ्या दिवशी जेवायला पोचनारा. येष्टी हुकली, इसरलो, तरी बराबर दिवशी कोर्टात! माझ्यासमोरच हिरवं टिंब मारायचा. म्हनायचा, कडूबा, हे तुझ्या आळसाचं टिंब."

फोन ठेवला. डायरी उघडली. बोटाने मोजलं. चुकलेल्या तारखा एकोणीस. टिंबं एकोणीस. टिंब म्हणजे — माणसाला सांगितलेली तारीख. खरी तारीख दुसऱ्या दिवशी. ती यांच्या डोक्यात.

साहेबांपुढे नेऊन ठेवलं. साहेबांनी चष्मा काढला. "अन् मी काय बोलून गेलो, बाई."

मग मी रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अंबडला मॅडम गेल्या, साहेब कडूबांसाठी उभे राहिले. युक्तिवाद झाला. निकाल पुढच्या महिन्यात. कडूबा कालच येऊन बसले होते! "टिंब कळलं तुमाला, मंग आता मला येळेवर यावंच लागंल."

एकोणीस तारखा नीट केल्या. त्यांना कॅलेंडरात हिरवा रंग दिला. रंगाला जागा आहे.

१३ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, मागच्या वर्षीची डायरीही भरून टाका, ताई, दाखल्याला राहील. आता भीती वाटत नाही. जानेवारी ते मार्च झालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सप्टेंबरपर्यंत आले. १८, गुरुवार, लेणीवर गेलो तो. कोर्टाचं काही नाही. एकच ओळ — "ज्योत्स्ना. रिपोर्ट."

पुढे हिरवं टिंब.