दोनांतलं एक चाक

रवि., २२ मार्च ९२

हात कोपरापर्यंत गेरूने लाल. साबण झाला, रॉकेल झालं, जात नाही. उद्या शाळेत मुली विचारणार, बाई, मेंदी काढली का? हो, काढली. डोंबलाची मेंदी.

पण हॉलची एक भिंत झाली. घर बांधून सहा महिने झाले, हप्त्यातून काही उरत नाही, म्हणून ठरवलंय की करायचं ते स्वस्तात आणि आपल्या हाताने. गावाकडच्या घरासारखा हॉल. गेरूची भिंत, खाली चुन्याची नक्षी, आईच्या जुन्या इरकलीचे पडदे, सुतळीचं शिंकं. दिवाळी अंकात पुण्याच्या कुणा बाईंच्या बंगल्याचे फोटो होते तसा. त्यांच्याकडे करायला माणसं असतील. इथे मी एकटी.

शेजारच्या वाणीबाई दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, डिस्टेंपर नाही का परवडला?"

मी नुसतीच हसले.

गुरु., २ एप्रिल

गेरूत डिंक घालायला विसरले. मी! चित्रकलेची बाई! जो टेकेल त्याची पाठ लाल. हे पांढऱ्या शर्टात तसेच ऑफिसला गेले. दिवसभर पाटबंधारे खातं हसलं, सांगितलं एकानेही नाही. संध्याकाळी शर्ट काढून माझ्या नाकासमोर धरला.

"अगं, धाब्याच्या घरात जन्म गेला. पाठ टेकली की माती. नोकरी लागली तेव्हा वाटलं, सुटलो. तू धुळ्यात माती घेऊन आलीस."

मी म्हटलं, आम्ही जळगावला जन्मभर मोझॅक टाइल्सवर राहिलो, मला विचारा त्यात काय सुख असतं ते. 

सूप मात्र छान रंगलंय. मध्ये गणपती, कडेने ज्वारीची कणसं. दारासमोर टांगलं. शिंकं टांगलं ते आमच्या पिंकीने झोका समजून ओढलं. आतला माठ गेला.

मोठी भिंत रिकामीच. तिथे काहीतरी दणदणीत पाहिजे. गावी गोठ्यामागे जुन्या बैलगाडीची दोन चाकं लिंबाला टेकून पडलीत. टायरची गाडी आली तेव्हापासून कोंबड्या बसतात त्यांच्यावर. एक मिळालं तर! विकत घ्यायला नको, करायला नको, नुसतं घासून रंगवायचं.

ह्यांना म्हटलं, तुमच्या आबांना विचारा. "बघू." ह्यांचं बघू म्हणजे झालंच.

मंगळ., ५ मे, आखाजी

गावी. अक्षय तृतीया म्हणजे इकडे माहेरी जायचा सण, पण ह्या वर्षी जळगाव सोडून सासरी आले. सकाळी घागर भरली. मांडे, आमरस, कुरडया. अक्का पहाटेपासून चुलीपुढे होत्या. थोरली जाऊ म्हणून मिरवत नाहीत कधी, कामच करत राहतात. शेती भाऊ बघतात, आबांचं औषधपाणी तेच बघतात. आम्ही आपले सणाला यायचे, जेवायचे, आंब्याची पेटी घेऊन जायचे. हे मला कळतं, नाही असं नाही.

जेवताना ह्यांना दोनदा कोपराने ढोसलं. हे आमरसात बघत बसले. शेवटी मीच म्हणाले, "आबा, गोठ्यामागच्या चाकांतलं एक आम्हाला द्याल का? घरात लावायला."

अक्का म्हणाल्या, "माय वं! चाक? घरमा?"

आबांनी आमरसाची वाटी बाजूला सरकवली. मग, "एकच जोयजे का?"

मी म्हटलं, "हो आबा, एकच पुरे. दुसरं भाऊंना राहू दे."

भाऊंनी ताटात हात धुतला. मांडा अर्धा तसाच. मला वाटलं, पोट भरलं असेल.

आबा म्हणाले, "बरं. लई जा." आणि उठले.

घेऊन जा म्हणाले! किती सोपं होतं! हे उगाच घाबरत होते.

शुक्र., ८ मे

धुळ्याला परत. शिंदखेड्याहून येताना शेजारी जागा असून हे गाडीत उभेच राहिले. घरी आल्यावर पिशवी ठेवली आणि म्हणाले, "तू वाटणी मागितलीस."

"मी चाक मागितलं!"

"दोनांतलं एक. आणि वर म्हणालीस, दुसरं भाऊंना राहू दे."

ह्यांच्या गावात म्हणे वाटणी हा शब्द तोंडातून कोणी काढत नाही. बापासमोर कसा काढणार? जोडीतलं एक मागायचं. समजणारा समजतो. आबांच्या धाकट्या भावाने वेगळं व्हायच्या वेळी बैलजोडीतला एक बैल मागितला होता. शेतीला लागतो म्हणून, एवढंच बोलला. आबांनी दावं सोडून हातात दिलं. त्यानंतर दोघं भाऊ एका पंगतीला बसले नाहीत, काका वारले तोपर्यंत.

मला हे कोणी सांगितलंय का? लग्नाला नऊ वर्षं झाली. पापड कसे वाळवायचे ते नऊ वेळा सांगितलं. हे एकदा नाही.

"मग तुम्ही तिथल्या तिथे का नाही बोललात? की आबा, तसं नाही, हिला भिंतीला लावायचंय?"

"आबांसमोर?"

हो, आबांसमोर! वाघ आहेत का ते? चाळिशीला आलेला माणूस, ऑफिसात इंजिनिअरला फायली परत पाठवतो आणि बापासमोर तोंडाला कुलूप. रडू आलं, रागाने. ह्यांना वाटलं, पश्चात्तापाने.

रवि., १७ मे

दुपारी दारात टेम्पो. कांद्याच्या गोण्या, त्यावर आडवं चाक. टेम्पोवाला म्हणाला, "भाऊनी धाडं. बठ्ठं उतारी ल्या."

बठ्ठं, म्हणजे सगळं. किती सगळं ते पोतं सोडल्यावर कळलं. सहा पाटांपैकी तीन. दोन हंड्यांपैकी एक. देवघरातल्या दोन समयांपैकी एक. एक! जोडीतली! समईला तेलाचा वास होता. परवापर्यंत लावत असणार.

चिठ्ठी नाही, निरोप नाही. टेम्पोवाल्याला पाणी दिलं, तो गेला. आम्ही दोघं अंगणात ह्या सामानासमोर उभे. वाणीबाई गच्चीवरून म्हणाल्या, "अय्या, किती छान ॲंटिक!"

ह्यांनी समई उचलून कपाटात ठेवली, कपड्यांच्या मागे. डोळे पुसले ते मला दिसू दिलं नाही.

मी पत्र लिहिलं. तीर्थरूप आबांस, माझी चूक झाली, मला रीत माहीत नव्हती, आम्हाला वा. नको. (तो शब्द लिहायचाही वीट आलाय. इथून पुढे नुसतं वा.) हे म्हणाले, टाकू नकोस, पत्र आबांच्या हातात पडायच्या आधी अर्ध्या गावाला पाठ होतं. टाकलं.

शनि., १३ जून

उत्तर नाही.

चाक महिनाभर अंगणात पडून होतं. येणारा-जाणारा ठेचकाळतो. शेवटी आज गवंडी बोलावला, भिंतीत चार लोखंडी आकडे ठोकून घेतले. चौघांनी मिळून चढवलं. त्याआधी पंधरा दिवस अंगणातच बसून मी आऱ्यांना लाल-पिवळा ऑइलपेंट दिला होता, मधल्या तुंब्यावर हिरवा. आऱ्यांमध्ये सुतळीचं विणकाम.

सुंदर दिसतं. खरंच सांगते, फार सुंदर दिसतं. हेच तर दुखणं आहे.

शाळेच्या मुख्याध्यापिका बघायला आल्या. "कुठून मिळवलंत हो?"

म्हटलं, घरचंच आहे. आणि चहा टाकायला आत पळाले.

रवि., १९ जुलै

हे एकटे गावी जाऊन आले. मला म्हणाले, तू नको. बरं, नको तर नको.

परत आल्यावर खोदून खोदून विचारलं तेव्हा तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. भाऊ पावसापाण्याचं बोलले. कापसाचं बोलले. आबा ओट्यावर बसून होते, लिंबाखालच्या एकट्या चाकाकडे पाठ करून. मग अक्कांनी चहा आणला.

"कपबशीत," हे म्हणाले.

"मग?"

"मला. कपबशीत. ट्रेमधून."

ह्या घरात हे जन्मापासून पितळी पेल्यात चहा पितात. कपबशी पाहुण्यांना.

निघताना ह्यांनी कसंबसं तोंड उघडलं. भाऊ, तिला ती रीत माहीत नव्हती. भाऊ म्हणाले, "तुले तं माहीत व्हती ना?" आणि थोड्या वेळाने, "आबा जित्ता शे अजून."

म्हणजे बाप जिवंत असताना वा. मागितली. बरोबर आहे त्यांचं. ह्यांना माहीत होतं आणि हे आमरसात बघत बसले. त्या दिवशी ह्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर एवढं महाभारत झालं नसतं! हेच मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा हे उठून बाहेर गेले.

बुध., २२ जुलै

ह्यांना झोप लागत नाही. कारण आज सांगितलं: श्रावणातली कानबाई, घरची देवी.

नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. आदल्या दिवशी रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, सगळे एकाच सुपात. आबा नाव घेतात, अक्का मूठ टाकतात. ह्यांचं नाव जन्मल्यापासून त्या सुपात आहे. वेगळं झालं की सूप वेगळं.

(मुलींच्या नावाची मूठ नसते. पिंकीने मागच्या वर्षी विचारलं होतं, माझी कुठे? ते भांडण वेगळं. ते मी सोडलेलं नाही.)

"यंदा माझी मूठ पडेल का गं?"

चाळिशीचा माणूस हे विचारतो. माझ्या हाताला अजून रंग लागलेला. मला त्या चाकाला काडी लावावीशी वाटली.

मंगळ., ४ ऑगस्ट

पोस्टकार्ड. अक्षर भाऊंचं. अख्खं उतरवून ठेवते:

"कानबाई रविवारी बसेल. शनिवारीच मुक्कामास येणे. येताना चाक आणणे. आबांची तब्येत बरी. कळावे."

बस. माझ्या पत्राबद्दल अवाक्षर नाही.

हे म्हणतात, संपलं. दिलेली वस्तू परत मागतात म्हणजे चिडलेत, चाक ठेवून घेतील आणि वाट दाखवतील. मी म्हणते, अहो, चाक परत गेलं की जोडी परत झाली ना! वा. मोडली! हे म्हणतात, मग समई का नाही मागितली? हंडा? पाट? फक्त चाकच का? मी म्हणते, समईचं त्यांना आठवलं नसेल. हे म्हणतात, भाऊंना? भाऊंना दहा वर्षांपूर्वीचा पाऊस आठवतो.

कार्ड पन्नास वेळा वाचलं. आणणे, येणे, कळावे. एवढा कंजूष माणूस शब्दांचा! आणखी एक ओळ लिहिली असती तर काय शाई संपत होती? दोघं भाऊ एका मापाचे. एक बोलत नाही, दुसरा लिहीत नाही, मध्ये माझं डोकं फिरायची वेळ.

गुरु., ६ ऑगस्ट

शाळेतून आल्यापासून चाक खरवडतेय. ऑइलपेंट निघतोय कसला! काचपेपर, रॉकेल, विळीचं टोक. आऱ्यांच्या खाचांत पिवळा राहिलाच. सुतळी कापून टाकली, पंधरा दिवसांचं विणकाम. हिरवा तुंबा तसाच राहणार, बघतील आणि अक्का माय वं म्हणतील. म्हणू देत. काहीतरी म्हणू देत.

वाणीबाई : "अय्या, मोडता का? मी आत्ताच आमच्या ह्यांना म्हटलं होतं, आपणही एक चाक आणू."

म्हटलं, आणायच्या आधी दोनदा विचार करा.

शनि., ८ ऑगस्ट

स्टँडवर बसून लिहितेय. शिंदखेड्याची गाडी अजून लागलेली नाही.

सकाळी गवंड्याने चाक उतरवून दिलं. भिंतीवर भला मोठा गोल राहिला. बाकी भिंतीचा रंग दोन महिन्यांत उडालाय, आतला गेरू ताजा. चार आकडे तसेच बाहेर आलेले. आता घरात शिरणाऱ्याला पहिलं तेच दिसणार. राहू दे, आल्यावर बघू.

मी हातगाडी बघा म्हणत होते. ह्यांनी पँट दुमडली, चाक उभं केलं, धावेवर तळहात ठेवला आणि निघाले. रस्त्याने. घरंगळत. पिंकी मागे पळत. कॉलनीतली सगळी माणसं दारात. हे कोणाकडे बघत नव्हते. वळणावर हात कसा आत घेतला, उतारावर कसं अंगाने धरलं! नऊ वर्षांत मी ह्या माणसाला असं काही करताना पाहिलं नव्हतं. पाटबंधारे खात्याच्या पगारावर जगणारा माणूस नव्हताच तो. मला मेलीला रडू आलं, भर रस्त्यात, किल्ली हातात घेऊन.

कंडक्टर चाक टपावर चढवायला तयार नाही. हे त्याच्याशी भांडतायत, मोठ्याने. आवाज इथपर्यंत येतोय. म्हणजे तोंड आहे ह्यांना! तीन महिने उशीर झाला, पण आहे.

समई पिशवीत घेतलीय, माझ्या साड्यांमध्ये. ह्यांना सांगितलेलं नाही. कार्डात लिहिलेली नाही, तरी नेतेय. गेल्या गेल्या देवघरात दुसरीशेजारी ठेवणार, कोणाला न विचारता. विचारून एकदा बघितलंय.

निघताना दारासमोरच्या सुपाजवळ थांबले. ह्यांनी कुलूप लावता लावता विचारलं, "हे घ्यायचं का?" आवाज एकदम बारीक. ह्यांच्या मनात काय आलं ते कळलं मला. वेगळे मोजायचे असतील तर वेगळं सूप लागेल.

"रंगवलंय ते," मी म्हटलं, "गहू खराब होतील."

सूप भिंतीवरच ठेवून आलेय. दुसरं सूप लागणारच असेल, तर अक्कांनी आपल्या हाताने काढून द्यावं. मी नेणार नाही.

गाडी लागली. चाक चढतंय.